छताला हात लावू नका

मंगळवार, ४ मार्च

डॉक्टरांनी रक्तदाबावर गोळीबरोबर रोजनिशीही लिहून दिली आहे. म्हणाले, मनात काही साठवू नका, लिहून काढत जा. मी मनात साठवत नाही, ज्याचं त्याला तिथल्या तिथे सांगते, असं मी म्हटलं. ते म्हणाले, माहीत आहे, म्हणूनच. याचा अर्थ काय ते त्यांनाच ठाऊक. पण वही आणली आहे तर वाया घालवणार नाही.

मागच्या खोलीच्या छताला ओल आली आहे. खिडकीकडच्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा मोठा पिवळा डाग, मध्ये फुगवटा आणि कडेने सुटलेले पोपडे. ही खोली मी नातीसाठी तयार केली आहे. सूनबाईंची रजा संपत आली, त्या पुन्हा कामावर जाणार आणि दिवसभर बाळ माझ्याकडे असणार, असं ठरलेलं आहे. म्हणजे मी ठरवलं आणि कोणी नाही म्हटलं नाही. पाळणा आणला, गादी शिवून घेतली, पडदे बदलले, भिंतीवर बाळाचं वेळापत्रक लावलं. मुख्याध्यापिका म्हणून एवढी वर्षं साऱ्या शाळेचं वेळापत्रक बसवलं, तिथे एका बाळाचं काय. दूध, झोप, अंघोळ, ऊन, पुन्हा झोप. शेवटचा रकाना: ‘रडणे: कारण असल्यासच.’

आमच्या ह्यांना विचारलं, ही ओल कधीपासून आहे. म्हणाले, असेल बरेच दिवस. मग मला सांगितलं का नाही? म्हणाले, सांगितलं असतं तर तू शिडीवर चढली असतीस.

मी शिडीवर चढले. डोक्याला पंचा बांधला, झाडूने सगळे पोपडे खरवडून काढले, फुगवटा दांड्याने फोडला. आतून करड्या भुशासारखं काहीतरी पडलं, ते पाळण्यावरून, गादीवरून झटकून झाडून घेतलं. ह्यांनी शिडी धरली. धरली म्हणजे शिडीला टेकून पेपर वाचला. घराला शिस्त लावायला दोन माणसं लागतात, आमच्या घरात एकच आहे.

गुरुवार, ६ मार्च

प्लंबर आला. गच्चीवरच्या टाकीचा पाइप जोडावर गळत होता. पाणी स्लॅबमधून झिरपून खाली ठोकलेल्या सिमेंटच्या पत्र्यांवर साचत होतं. त्याने पाइप ठोकला, भिंत ठोकली, छताकडे बघून म्हणाला, जुनं काम आहे. पाइपाबद्दलही हेच म्हणाला. जाताना ह्यांच्याकडे बघूनही तेच म्हणेल की काय असं मला वाटलं. जोड बदलून गेला. छत आपल्याकडे येत नाही म्हणाला. आजकाल कोणाकडेच काही येत नाही.

कोपऱ्याला रंग मारायला रंगारी बघायचा आहे. बाळ सोमवारी येणार.

शनिवार, ८ मार्च

चिरंजीव आणि सूनबाई बाळाला घेऊन आले. मी बाळाला पाळण्यात ठेवून खोली दाखवत होते. सूनबाईंनी वर पाहिलं आणि पुढच्या क्षणी बाळ पाळण्यातून त्यांच्या खांद्यावर होतं. त्या कधीच आवाज चढवत नाहीत. हळूच म्हणाल्या, “आई, हे पत्रे इमारतीइतकेच जुने आहेत ना? त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं.”

सूनबाई औषधांच्या कंपनीत आहेत, त्यांना अशा गोष्टी कळतात. त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी सिमेंटच्या पत्र्यात मजबुतीसाठी हे दगडी तंतू घालत. पत्रा फुटला की ते केसाहून बारीक तंतू हवेत उडतात, श्वासातून फुप्फुसात जातात आणि कित्येक वर्षांनी त्रास देतात. चिरंजीव हे ऐकताना स्वतःच्या पायांकडे बघत होते. लहानपणी गृहपाठ न करता आले की असेच बघायचे.

तपासणी होईपर्यंत बाळाला इथे नको, असं सूनबाई म्हणाल्या. तोवर त्यांच्या ऑफिसजवळ एक पाळणाघर आहे. तात्पुरतं. चौकशी त्यांनी आधीच करून ठेवली होती, इतक्या त्या व्यवस्थित आहेत. मला हे आवडतं.

पाळणाघर मात्र मला आवडलेलं नाही. माझ्या नातीला कोणी परकी बाई, दहा पोरांची नाकं पुसलेल्या रुमालाने पुसणार.

निघताना सूनबाईंनी छताचे फोटो काढले. वेळापत्रकाचाही काढला. मी म्हटलं, हवं तर एक प्रत लिहून देते. म्हणाल्या, नको आई, फोटो पुरेसा आहे. चांगल्या कामाची कदर करणारी मुलगी आहे.

मंगळवार, ११ मार्च

प्रयोगशाळेतला माणूस नमुना न्यायला आला. तोंडाला मास्क, हातात मोजे. पत्र्यावर आधी पाणी फवारलं, मग नखाएवढा तुकडा कापून दोन पिशव्यांत बंद केला. कापलेल्या जागी चिकटपट्टी लावली. एवढी टापटीप मी माझ्या शिक्षकांत शोधत राहिले आणि निवृत्त झाले.

मग त्याने विचारलं, इथलं खरवडलं कोणी? मी सांगितलं, मी. कशाने? झाडूने. कोरडंच? कोरडंच, झाडू काय ओला करतात? तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला.

सुक्या झाडूने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने टिपून घ्यायचं आणि ते फडकंही बांधून टाकायचं, असं तो म्हणाला. गादी टाका, पडदे टाका, खोली बंद ठेवा. एकदा झाडल्याने तुम्हाला काही होईल असं नाही, पण पुन्हा नको. मग जे म्हणाला ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्यावर घरात विचित्र प्रकार घडला. म्हणाला, “बाई, याला हात लावू नका. डिवचलं नाही तर ते कोणाला काही करत नाही. आहे तसं राहू द्यायचं, फार तर वरून एक जाड थर द्यायचा आणि आपण आपलं जगायचं.”

आमचे हे हसायला लागले. इतके, की पाणी प्यायला स्वयंपाकघरात जावं लागलं. मी मागोमाग जाऊन विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे? डोळे पुसत म्हणाले, काही नाही, त्यांची पद्धत पटली मला.

फुप्फुसाच्या आजारावर हसणारा माणूस मी चाळीस वर्षं सांभाळते आहे.

गादी बांधून खाली ठेवून आले. नवी कोरी होती. शनिवारी बाळ तिच्यावर ठेवलं होतं, क्षणभरच, पण ठेवलं होतं. आणि सोमवारपासून दिवसभर ठेवणार होते. हा विचार मी एकदा केला. पुन्हा करणार नाही.

रविवार, १६ मार्च

अहवाल आला. पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे. अहवालातलं लेखन भयंकर, एका वाक्यात तीनदा ‘सदर’. मी लाल पेनने दुरुस्त करून ठेवलाय, परत पाठवणार आहे.

चिरंजीवांना फोन लावला, तो सूनबाईंनी घेतला. बातमी सांगितली तर त्या “अरेरे” म्हणाल्या, पण माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत. म्हणाल्या, मग आता बाळाला काही महिने तरी तिथे आणता येणार नाही, हो ना आई? फार वाईट वाटतंय. मागे चिरंजीव काहीतरी म्हणाले आणि दार लागल्याचा आवाज आला.

पर्याय दोन आहेत. एक, पत्र्यांना जाड रंग देऊन खालून दुसरं छत बसवायचं आणि विसरून जायचं. दोन, खास माणसं बोलावून सगळे पत्रे काढून टाकायचे. दुसऱ्यात खर्च, धूळ, खटपट, आणि काम चालेल तेवढे दिवस घर रिकामं करावं लागतं.

घाणीवर झाकण घालून खाली झोपणारी मी नव्हे. पत्रे काढायचे. काढले की बाळ इथे यायला कोणाचीच हरकत राहणार नाही. ह्यांनी पहिला पर्याय पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मी वाचला. वाचून दुसरा ठरवला.

गुरुवार, २० मार्च

काम करणाऱ्यांनी तारीख दिली. पुढच्या शुक्रवारी सुरू. चिरंजीवांना फोन करून सांगितलं की तेवढे दिवस आम्ही तुमच्याकडे येतो.

फोन बंद पडला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग सूनबाई बोलल्या. म्हणाल्या, आई, मी जरा आणखी वाचलं, दुसरं छत बसवणंसुद्धा अगदी सुरक्षित असतं. उलट काढताना जास्त त्रास. लोक वर्षानुवर्षं अशा छताखाली राहतात. तुम्ही उगाच एवढी दगदग कशाला करता?

संध्याकाळपर्यंत त्यांनी पाच लेख पाठवले. ज्या छताखालून बाळाला उचलून पळाल्या, ते छत आता बिचारं झालं. माणूस वाचतो तितका गोंधळतो, हे मी शाळेत नेहमी पाहिलं आहे. पण हेतू चांगला. मला या वयात सामान उचलावं लागू नये, माझी आबाळ होऊ नये, म्हणून त्या जीव तोडून सांगत होत्या. मी म्हटलं, तुम्ही माझी काळजी करू नका, मला सोफाही चालतो.

शनिवार, २२ मार्च

चिरंजीव एकटेच आले आणि सरळ त्या बंद खोलीत जाऊन छताखाली हात पसरून उभे राहिले. “बघ आई, काय होतंय मला? काहीही होत नाही.” वयाने पस्तिशीचे, बापही झालेले. कानाला धरून बाहेर काढले. हे आतल्या खोलीतून म्हणाले, प्रयत्न चांगला होता. कसला प्रयत्न, ते दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही.

हे त्यांच्या मित्राकडे राहणार आहेत. मुलाच्या घरी एवढी माणसं मावायची नाहीत म्हणाले. मित्राचं घर आमच्या मोरीएवढं आहे.

शुक्रवार, २८ मार्च

सकाळी पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, मागच्या खोलीचं दार प्लास्टिकने बंद केलं आणि मला घराबाहेर काढलं. स्वतःच्या घरातून कोणी मला बाहेर काढल्याची ही पहिलीच वेळ.

चिरंजीवांच्या घरी आले. घर छान आहे, म्हणजे छान करता येण्यासारखं आहे. चमचे ताटांच्या कप्प्यात आहेत. बाळ वाटेल तेव्हा झोपतं, वाटेल तेव्हा उठतं आणि कारण नसताना रडतं. मी फक्त गरजेचं तेवढंच सांगितलं: बाटली, पडदा, पंखा, टोपडं, सूनबाईंचं जेवण आणि चिरंजीवांची दाढी. चिरंजीवांना ऑफिसात लवकर जायचं काम निघालं.

आणि मग सूनबाईंनी बाळाला पाळणाघरात नेलं. मी घरात बसलेली असताना. म्हणाल्या, आता सवय झालीय आई, मोडायला नको.

दिवसभर रिकाम्या घरात बसले. चमचे हलवले. मग पुन्हा होते तिथे ठेवले.

रविवार, ३० मार्च

सूनबाईंची ऑफिसातली मैत्रीण बाळाला बघायला आली होती. हसरी, बडबडी मुलगी. मला बघून तिने कौतुकाने हात जोडले आणि म्हणाली, “तुम्हीच का त्या वेळापत्रकवाल्या आजी?”

कुठलं वेळापत्रक, असं मी विचारलं नाही. घरासाठी मी एकच केलं आहे. ती पुढे म्हणाली, “‘रडणे: कारण असल्यासच.’ आम्ही लंच टाइममध्ये इतक्या हसलो ना, एकीला ठसका लागला.”

सूनबाई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला. पाहून न पाहिल्यासारखं केलं. म्हटलं, हो, मीच. मैत्रिणीला बिस्किटं दिली, तिच्या आईची चौकशी केली, बाळाच्या तोंडाकडे पाहिलं. ते काही कारण नसताना हसत होतं.

संध्याकाळी खाली फेरी मारायला गेले आणि बाकावर बसून ह्यांना फोन केला. मैत्रीण काय म्हणाली ते सांगितलं. मग म्हणाले, “मीही हसलो होतो. पण लपून.”

मी विचारलं, “प्रयोगशाळेतल्या माणसाच्या बोलण्यावर तुम्ही त्या दिवशी का हसलात?”

“खरंच सांगू?”

“नको,” मी म्हटलं. “जेवलात का?”

रक्तदाब आज मोजलेला नाही.

बुधवार, २ एप्रिल

काम झालं. सकाळी खोली बघून आले. पत्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेले, मागे उघडा स्लॅब राहिला आहे. काळपट, खडबडीत, कुठे कुठे लाकडाच्या पट्ट्यांच्या खुणा. दिसायला वाईट, पण त्यात काही दडलेलं नाही. हवेची तपासणीही केली, खोली वापरायला हरकत नाही. भिंतीवरचं वेळापत्रक त्यांनी बाकी कचऱ्याबरोबर नेलं. नवं करणं काही अवघड नाही. अजून केलेलं नाही.

उद्या घरी जाणार. हे आजच गेले. मित्राकडे अंघोळीला नंबर लागायचा म्हणे.

संध्याकाळी चिरंजीवांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. सूनबाई गॅसजवळ, बाळ त्यांच्या खांद्यावर. सहज वर पाहिलं. कपाटाच्या वर, भिंत आणि छत मिळतात तिथे एक पिवळा डाग आहे. फिका, ताटलीएवढा. वरच्या मजल्यावरच्यांची मोरी तिथेच येत असणार. त्या डागाची एक कड अलीकडची आहे, हे मला आता कळतं.

खाली पाहिलं तर सूनबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनाही तो डाग माहीत आहे, हे तोंडावर दिसत होतं. चिरंजीव दारात आले होते, ते तिथेच थांबले. त्यांनीही वर पाहिलं, मग माझ्याकडे, मग पायांकडे. घरात एवढी शांतता मी परीक्षेच्या हॉलमध्येच ऐकली आहे.

कधीपासून आहे, वर कोण राहतं, त्यांना सांगितलं का, शिडी कुठे आहे, अशी चार वाक्यं तोंडात तयार होती.

मी म्हटलं, “चहा टाकता का थोडा?”

सूनबाई गॅसकडे वळल्या. चहाचं आधण ठेवलं आणि दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. हात मोकळे हवेत तेव्हा इतके दिवस त्या त्याला झोळीत ठेवत होत्या. बाळाने माझा चष्मा ओढला. काचेवर लाळेचे डाग पडले, ते तसेच राहू दिले.

चहा गाळता गाळता, माझ्याकडे पाठ ठेवून त्या म्हणाल्या, “आई, सोमवारपासून दुपारी बाळाला तुमच्याकडे सोडलं तर चालेल? फक्त दुपारी.”

“आणि वेळापत्रक?” मी विचारलं.

“नको.”

“रडली तर?”

“तर घ्यायचं.”

मी म्हटलं, “बरं.”

हा शब्द मी शेवटचा कधी वापरला होता, ते ह्यांना विचारायला हवं. चिरंजीव दारातून आत आले आणि चमचा शोधायला लागले. तो ताटांच्या कप्प्यात आहे, हे त्यांना मी सांगितलं. कुठे असायला हवा, ते नाही सांगितलं.

डाग अजून वाढला तर चिरंजीवांना सांगावंच लागेल. बाळ याही छताखाली झोपतं. पण सोमवार जाऊ दे.

ओलं फडकं कुठे असतं, ते मात्र मी बघून ठेवलं आहे.